फुकटाचं दरपत्रक

संस्थेच्या कारभारात पैसे खर्च करणं सगळ्यांत सोपं. त्याची रीत ठरलेली आहे. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दरापुढे लाल शाईने खूण करायची, ठरावाला सूचक-अनुमोदक गाठायचे आणि आधीपासून ठरलेल्या दुकानातून आधीपासून ठरलेली वस्तू आणायची. पंचाईत होते ती एखादी वस्तू फुकट मिळत असली की. फुकटाला दरपत्रक नाही. दरपत्रक नाही म्हणून तक्ता नाही, तक्ता नाही म्हणून ठराव नाही, आणि ठरावाशिवाय आमच्या कार्यालयात भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा बदलत नाही.

संगणकावरचं ऑफिस बदलायचं की नाही, हा विषय कार्यकारी मंडळापुढे आला तेव्हा ही पंचाईत पहिल्यांदा झाली. विषयपत्रिकेवर तो ‘संगणक कार्यालय बदलणेबाबत’ असा छापला गेल्यामुळे निम्मी मंडळी जागा बघायला जायचंय अशा तयारीने, टोपी-छत्री घेऊन आली होती.

पूर्वी असला प्रश्नच नव्हता. संगणक विकत घेतला की दुकानदार त्यात सगळं ‘टाकून’ द्यायचा. विंडोज टाकलं, ऑफिस टाकलं, मराठी फॉन्ट टाकले आणि आपुलकीने वर थोडी जुनी गाणीही टाकली. बिलावर मात्र फक्त संगणक आणि टेबल. पुढे नवे ऑडिटर आले. तरुण होते, त्यामुळे त्यांनी प्रश्न विचारला. परवाने कुठे आहेत? मुख्य लिपिक बाईंनी शाळेच्या मान्यतेपासून उपाहारगृहाच्या परवान्यापर्यंत सगळे कागद पुढे ठेवले. त्यात हा नव्हता. मग रीतसर परवाने घेतले गेले, मग ते वर्गणीवर गेले, आणि वर्गणी म्हणजे दरवर्षी. गणपतीची वर्गणी द्यायला कुरकुर करणारे खजिनदार या वर्गणीचं पत्र हातात आलं की चष्मा काढून ठेवतात.

तेव्हा चिटणीसांचा भाचा म्हणाला, “मामा, लिब्रेऑफिस टाका. फुकट आहे.”

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. संस्थेच्या तांत्रिक बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जातो, कारण प्राचार्यांच्या मोबाइलमधला आवाज त्याने एकदा परत आणला होता. त्याला सभेत बोलावलं गेलं.

“फुकट म्हणजे किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“काहीच नाही, साहेब.”

“आत्ता काही नाही. पुढच्या वर्षी?”

घरी ‘फुकट ते पौष्टिक’ मानणारी हीच मंडळी सभेत फुकट म्हटलं की खुर्चीत ताठ बसतात. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मुळालाच हात घातला. “जो फुकट देतो तो जगतो कशावर?”

प्रश्न रास्त होता, म्हणून भाच्याने कुळकथा सुरू केली. जर्मनीत ल्यूनेबुर्ग नावाच्या गावी १९८५च्या सुमारास मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या पोराने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीसकट विकत घेतलं, ७ कोटी ३५ लाख डॉलरना. का घेतलं, याची हकीकत सनच्याच एका अधिकाऱ्याने पुढे सांगितली: कंपनीत नोकरदार सुमारे ४२ हजार, तेवढ्या सगळ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी कंपनीच घेणं स्वस्त पडत होतं.

इथे खजिनदारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “घाऊक खरेदी,” ते समाधानाने म्हणाले. ज्या वस्तूला कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी ७ कोटी ३५ लाख डॉलर मोजलेत ती अगदीच फुकट म्हणता येणार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“मग त्या सनने आपल्याला का दिलं?”

“त्यांनी २०००मध्ये त्याचा सगळा कोड जगासाठी खुला केला. ओपनऑफिस म्हणून.”

“आणि सन कुठाय आता?”

“२०१०मध्ये ओरॅकलने घेतली. मग ओपनऑफिसवर काम करणारी बरीचशी मंडळी त्याच वर्षी बाहेर पडली आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. ओपनऑफिस पुढे अपाचे नावाच्या संस्थेकडे गेलं.”

“म्हणजे वाटण्या झाल्या,” अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांना एकदम सगळं समजलं. त्यानंतरचे प्रश्न नेमके आले. सातबारा कुणाच्या नावावर? बर्लिनच्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या. ती कंपनी का? नाही, आपल्यासारखीच संस्था. संस्था म्हटल्यावर मंडळाचा विश्वास एकदम कमी झाला. संस्था कशा चालतात हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला आतून माहीत होतं.

परदेशात कुणी असं केलंय का, हा प्रश्न ठरलेलाच होता. आणि म्युनिक शहराची गंमत अशी की ते दोन्ही पक्षांना वापरता येतं. तिथल्या महापालिकेने २००३मध्ये विंडोज सोडून लिनक्स आणि त्यासोबत खुलं ऑफिस घ्यायचं ठरवलं. ते होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर आपली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला गेले होते. महापौर बधले नाहीत. पंधरा हजारांच्या आसपास संगणक हळूहळू बदलले गेले, २०१३मध्ये काम पुरं झाल्याचं जाहीर झालं, आणि २०१७मध्ये त्याच महापालिकेने विंडोजवर परत जायचा ठराव केला. भाचा २०१३पर्यंत सांगून थांबला होता. उरलेलं उपाध्यक्षांनी मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. त्यावर भाच्याने जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य काढलं: २०२४मध्ये ठरवलंय, सरकारी ३० हजार संगणक लिब्रेऑफिसवर. उपाध्यक्ष म्हणाले, “परत कधी जाणार ते कळवा.”

मला या सगळ्यात खटकलं ते एवढंच, की आमच्यासाठी सुट्टी सोडून यायला कुणीच तयार नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या पुरवठादाराचा माणूससुद्धा फोनवरच बोलला.

मग स्वदेशीचा मुद्दा निघाला, तो निघणारच होता. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीच्या ऑनलाइन ऑफिसवर जात असल्याचं जाहीर केल्यापासून आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना तमिळनाडूबद्दल अचानक आत्मीयता वाटू लागली आहे. ते शिक्षकांच्या चहापानातही झोहोच्या तेनकाशीचं नाव घेतात. झोहो चालवायला इंटरनेट उत्तम लागेल, असं भाच्याने नम्रपणे सांगितलं. बरोबर त्याच वेळी वीज गेली. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक दिवा चालतो. राउटर त्यात नाही. ज्येष्ठ सभासदांनी आपला मुद्दा इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगितलं आणि विषय संपला.

एवढं झाल्यावर लिब्रेऑफिस चालवून बघायला उपसमिती नेमली गेली. मी तिच्यात आलो, कारण कार्यकारी मंडळात स्वतःची पत्रं स्वतः टाइप करणारा मी एकटाच आहे आणि असल्या माणसाकडे जरा संशयानेच पाहिलं जातं. प्रयोग कुणाच्या संगणकावर करायचा, यावर मतभेद झाले नाहीत. कार्यालयात संगणक पुष्कळ आहेत. पण संस्था चालते ती मुख्य लिपिक बाईंच्या.

बाईंविषयी थोडं सांगितलं पाहिजे. एमएस-सीआयटी केल्याशिवाय वेतनवाढ नाही, असं झालं तेव्हा त्यांनी ते केलं, आणि चांगल्या गुणांनी केलं. पण त्या कोर्सनंतर त्यांनी आजवर एकही नवी फाईल उघडलेली नाही. त्यांची पद्धत अशी: गेल्या वर्षीचं पत्र उघडायचं, तारीख बदलायची, नाव बदलायचं, ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं. पालक सभेची सूचना स्नेहसंमेलनाच्या सूचनेतून निघाली आहे, स्नेहसंमेलनाची श्रद्धांजली सभेच्या सूचनेतून. म्हणून आमच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणात ‘सर्वांनी शांतता राखून उपस्थित राहावे’ हे वाक्य अजून आहे, आणि एका वर्षी प्रमुख पाहुण्यांना छापील कार्डावर आदल्या वर्षीच्या पाहुण्यांचं नाव वाचून भाषण सुरू करावं लागलं. हा दोष नव्हे. मराठी मुलखातलं कुठलंही कार्यालय असंच चालतं. आपण जिला संस्थेची परंपरा म्हणतो ती बहुतांशी ‘सेव्ह अ‍ॅज’ केलेली असते.

पहिल्या दिवशी नवं ऑफिस उघडलं आणि बाई चक्क हसल्या. “अहो, हे तर आपलं जुनंच आहे!” त्यांचं खरं होतं. मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये वरची मेनूची ओळ काढून तिथे चित्रांची रुंद पट्टी आणली, तेव्हापासून बाई मनातून नाराज होत्या. लिब्रेऑफिस उघडल्यावर फाईल, एडिट, व्ह्यू जिथल्या तिथे, ओळीत उभे. बदल म्हणून आणलेली वस्तू, आवडली ती बदललेली नाही म्हणून.

सुख अल्पकाळ टिकलं. कुणीतरी २००५ सालचा ठराव उघडला आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा आला. याचा नव्या ऑफिसशी काही संबंध नव्हता. युनिकोड रुळण्याआधीचे आपले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवून चालायचे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फक्त फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवायचा. या संगणकावर तो फॉन्टच नव्हता, तेव्हा जुन्या ऑफिसातही हाच चिवडा दिसला असता. दाखवलाही. पण आळ यायचा तो नव्यावर आलाच.

मग अक्षरांचा आकार. बाईंनी मजकुराच्या शैलीत आकार १२चा १६ केला. इंग्रजी वाढलं, मराठी ढिम्म. भाच्याला फोन. तो म्हणाला, मराठीचा आकार खाली वेगळ्या खान्यात द्यायचा. अरबी, हिब्रू, थाई आणि आपण असे सगळे एका गटात आहोत, गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या. बाईंनी खाना शोधला, आकार वाढवला, काम झालं. पण थाई लोकांचा उल्लेख त्यांच्या लक्षात राहिला, आणि तो लवकरच उपयोगी पडला.

कारण खरा पेच होता ‘अक्षरी रुपये’चा. बिलांच्या एक्सेल फाईलमध्ये आकडा टाकला की शेजारी ‘अक्षरी रुपये अमुक फक्त’ असं आपोआप उमटतं. हे यंत्र तासिका तत्त्वावर आलेल्या एका शिक्षकांनी बनवलं आणि पासवर्ड घालून ते दुसऱ्या राज्यात नोकरीला निघून गेले. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकं दिली की बाकीचं संगणक जोडून घेतो. मराठीत तशी सोय नाही. एकवीसचा वीसशी संबंध डोळ्यांना दिसतो, पण त्रेपन्नाचा पन्नासशी कुठल्या नियमाने लावायचा? म्हणून त्या माणसाने एका लपवलेल्या पानावर नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे शब्द एकाखाली एक लिहून काढले आहेत. लिहिताना एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची अदलाबदल झाली. पासवर्ड कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ती दुरुस्त होत नाही. मग बाईंनी उपाय काढला. ७९ किंवा ८९ रुपयांचं बिल आलं की त्या दुकानदाराला फोन करून एक रुपया वाढवून किंवा कमी करून घेतात. गावातल्या दुकानदारांना हा संस्थेचा नियम वाटतो आणि ते तो पाळतात.

नव्या ऑफिसमध्ये हे यंत्र चालेना. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेले मॅक्रो त्यात काही चालतात, काही नाही; आमचं दुसऱ्या गटात पडलं. शोधाशोध करताना भाच्याला एक सूत्र सापडलं: बाथटेक्स्ट. आकडा द्या, ते तो थाई लिपीत, बाथ या चलनात, अक्षरी लिहून देतं. एक्सेलमध्ये हे मुळातच आहे आणि लिब्रेऑफिसमध्येही आहे. रुपयाचं असं तयार सूत्र दोन्हीकडे नाही. बाई काही वेळ त्या वळणदार थाई अक्षरांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्यांचे लोक वेळेवर अर्ज घेऊन गेले असणार.”

एका ठिकाणी मात्र नव्याने जुन्याला साफ हरवलं. आमच्या शाळेचं पहिलं जनरल रजिस्टर एकोणिसाव्या शतकातलं. अलीकडे जुन्या नोंदींचे उतारे मागायला लोक सारखे येतात, म्हणून त्या सगळ्या एक्सेलमध्ये चढवायचं काम चालू आहे. १८९१ साली जन्मलेल्या मुलाची तारीख एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही. त्याच्या दृष्टीने काळ १ जानेवारी १९००ला सुरू होतो. त्याआधी जन्मलेल्यांना तो निव्वळ मजकूर समजतो, क्रमाने लावत नाही. लिब्रेऑफिसने ती पोरं बिनतक्रार वयाप्रमाणे ओळीत उभी केली.

त्यातून भाच्याने आणखी एक गोष्ट काढून दाखवली. एक्सेलच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. तो जगात उगवलाच नव्हता. १९०० हे शतकवर्ष, आणि त्याला ४००ने भाग जात नाही, तेव्हा ते लीप वर्ष नव्हे. पण १९८३मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या तक्त्यांच्या प्रोग्रॅमने ते लीप धरलं होतं, आणि लोटसच्या फाईली आपल्याकडे नीट याव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जशीच्या तशी उचलली. आज लोटस नाही, चूक आहे. मी हे मोठ्या उत्साहाने लेखापालांना सांगितलं. ते गंभीर झाले. “म्हणजे एका दिवसाचा पगार थकलाय?” त्यांनी विचारलं. बाईंना मात्र यात नवल काहीच वाटलं नाही. जुन्या फाईलवरून नवी केली की असं राहतंच, असं त्यांचं म्हणणं.

विरोधकांचा हुकमी मुद्दा वेगळा होता. वरच्या कार्यालयातून येणारा तक्ता. तो दुपारी दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, वर ‘अतितात्काळ’, खाली ‘आज ४ वाजेपर्यंत’. त्यात खाने एकमेकांत जोडलेले असतात, काही कुलूपबंद असतात आणि एक स्तंभ ‘शेरा’ या नावाचा, ज्यात काय लिहायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. नव्या ऑफिसमध्ये हा तक्ता बिघडला तर जबाबदार कोण? आम्ही एक तक्ता मुद्दाम नव्यात भरला. एका स्तंभाची रुंदी थोडी हलली, बाकी ठीक. पाठवला. दहा मिनिटांत फोन: “मॅडम, अशी फाईल नको. प्रिंट काढा, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घ्या आणि फोटो काढून पाठवा.”

माझं मत विचाराल, तर बदलायला हरकत नव्हती. आमच्या कार्यालयाला लागतं काय? ठळक अक्षर, अधोरेखा, तक्ता, बेरीज आणि प्रिंट. एवढं १९९५ सालच्या ऑफिसातही होतं. बाकीची शेकडो बटणं कशासाठी आहेत ते कुणी पाहिलेलं नाही, आणि त्यांचीच वर्गणी आपण भरतो. पण मी हे सभेत बोललो तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, “ते सगळं खरं. दरपत्रक कुठाय?”

इथे गाडी अडली. मायक्रोसॉफ्टच्या पुरवठादाराचं दरपत्रक होतं. फुकटवाल्याचं आणायचं कुठून? बर्लिनला पत्र टाकून ‘आपला दर शून्य असल्याचे लेटरहेडवर कळवावे’ असं मागवावं, अशी एक सूचना आली, आणि ती कुणी हसण्यावारी नेली नाही. खजिनदार म्हणाले, शून्य रुपयांचं व्हाउचर ऑडिटर पास करणार नाहीत. आणि केलं, तर पुढच्या वर्षी प्रत्येक व्हाउचर शून्याचं का नाही, असं विचारतील.

तोडगा गावातल्या संगणकवाल्याने काढला. त्याने दरपत्रक दिलं: ‘लिब्रेऑफिस (मोफत) बसवून देणे, प्रति संगणक रुपये ३५०, अधिक जीएसटी.’ मंडळाला केवढं हायसं वाटलं! फुकट वस्तूला अखेर किंमत आली. अर्थात एका दरपत्रकावर काम होत नाही, म्हणून त्यानेच आपल्या मेहुण्याच्या आणि शेजाऱ्याच्या दुकानाची अशी आणखी दोन आणून दिली, ४०० आणि ४५०ची. तुलनात्मक तक्ता झाला. सर्वांत कमी दरापुढे लाल खूण झाली. ज्येष्ठ सभासदांनी घासाघीस करून ३५०चे ३२५ केले आणि फुकटातसुद्धा संस्थेचा फायदा करून दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले गेले. जुनी वर्गणी मात्र बंद करायची नाही, असंही त्याच बैठकीत ठरलं. न जाणो, म्युनिकसारखं परत जायची वेळ आली तर.

आता प्रत्येक संगणकावर दोन्ही आहेत. फाईलवर दोनदा टिचकी मारली की ती जुन्यातच उघडते, आणि नव्याचा उपयोग १९००पूर्वी जन्मलेल्यांसाठी होतो.

ठरावाचा मसुदा बाईंनी त्याच संध्याकाळी तयार केला. गेल्या वर्षी पाण्याच्या कूलरचा ठराव झाला होता, तो उघडला, तारीख बदलली, रक्कम बदलली, वस्तूचं नाव बदललं. एक-दोन ठिकाणी राहिलं. पुढच्या सभेत चिटणीसांनी तो मोठ्याने वाचला: ‘लिब्रेऑफिस सर्व संगणकांवर बसवून घ्यावे, सदर कूलरची टाकी दर पंधरवड्याला आतून स्वच्छ करावी व विद्यार्थ्यांनी त्यात हात घालू नयेत, असे सर्वानुमते ठरले.’ अध्यक्षांनी कुणाला काही हरकत आहे का, म्हणून विचारलं. हरकत नव्हती. इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं.